पतसंस्थेचा डेटाबेस कोणाच्या नावावर आहे? महाराष्ट्रातील सहकारी पतसंस्थांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष व संचालक,
महाराष्ट्रातील सर्व सहकारी पतसंस्था

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेक संस्थांनी मुख्य कार्यालयातला सर्व्हर बंद करून सीबीएस (सर्व शाखांचे व्यवहार एकत्र सांभाळणारी) प्रणाली क्लाउडवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या भाड्याच्या सर्व्हरवर, नेली आहे आणि बऱ्याच संस्था तशी तयारी करत आहेत. मी डेटाबेस सांभाळण्याचे काम करते आणि एका पतसंस्थेची सभासद आहे. या दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहीत आहे. क्लाउडवर जाण्याला माझा विरोध नाही. जिन्याखालच्या खोलीत एका यूपीएसच्या भरवशावर चालणाऱ्या आणि ज्याचा बॅकअप शिपायाच्या हाती दिलेल्या पेनड्राइव्हवर घरी जातो, अशा सर्व्हरपेक्षा नीट उभारलेला क्लाउड कितीतरी सुरक्षित असतो. माझा आक्षेप आहे तो निर्णय घेण्याच्या पद्धतीला. तीन दरपत्रके मागवली जातात, सर्वांत कमी दराचे मंजूर होते, इतिवृत्तात ‘सॉफ्टवेअर क्लाउडवर घेण्यास मान्यता देण्यात आली’ एवढी एक ओळ येते आणि हजारो सभासदांच्या ठेवींची, कर्जांची, तारणांची व केवायसीची नोंद नेमकी कुठे आणि कोणाच्या ताब्यात गेली, हे त्या ओळीवरून कोणालाच सांगता येत नाही.

बँकेच्या ठेवीदाराला ठेव विमा महामंडळाचे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते, तसे ते पतसंस्थेच्या ठेवीदाराला नाही. त्याच्याकडे असते ती ठेवपावती, पासबुक आणि संस्थेच्या दप्तरातली नोंद. हे दप्तर आता कागदावर राहिलेले नाही. किर्द आणि खतावणी डेटाबेसमधून छापली जातात, म्हणून डेटाबेस कुठे ठेवायचा हा प्रश्न संगणक विभागाचा किंवा सॉफ्टवेअर कंपनीचा नसून संचालक मंडळाचा आहे.

‘आमचा डेटा मुंबईला आहे’ असे उत्तर पुष्कळदा ऐकायला मिळते. ते चुकीचे नसते, पण अपुरे असते. शहर महत्त्वाचे आहेच आणि त्याबद्दल आधी लिहिते. पण डेटाबेस ज्या क्लाउड खात्यात आहे ते खाते कोणाच्या नावावर आहे, हा माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न आहे आणि तो जवळजवळ कुठेच विचारला जात नाही.

शहर निवडताना आपल्या राज्याला पर्यायांची कमतरता नाही. मायक्रोसॉफ्ट अझ्युरची पुणे, मुंबई आणि चेन्नई येथील केंद्रे २०१५ पासून सुरू आहेत. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेने मुंबई विभाग (एका परिसरातील डेटा सेंटरांचा समूह) २०१६ मध्ये आणि हैदराबाद विभाग २०२२ मध्ये सुरू केला. गुगल क्लाउड मुंबईत २०१७ मध्ये आणि दिल्लीत २०२१ मध्ये आले, आणि ओरॅकलची केंद्रे मुंबई व हैदराबादला आहेत. ऐरोली, महापे, रबाळे हा नवी मुंबईतला पट्टा तर डेटा सेंटरसाठीच ओळखला जाऊ लागला आहे. इतके सगळे दाराशी असताना महिन्याला थोडे पैसे वाचतात म्हणून डेटाबेस सिंगापूरला किंवा अमेरिकेत ठेवण्याचे काही कारण उरत नाही, आणि तरीही दरपत्रकात विभागाचे नावच नसल्यामुळे तसे घडल्याचे मी पाहिले आहे.

अंतराचा परिणाम काउंटरवर कसा दिसतो, तेही सांगते. आपल्याकडची बरीच जुनी सॉफ्टवेअर शाखेतल्या संगणकावर चालतात आणि तिथून थेट डेटाबेसशी बोलतात. एक व्हाउचर पास करताना खातेदाराची शिल्लक बघणे, मर्यादा तपासणे, दोन्ही बाजूंची नोंद करणे आणि शिल्लक सुधारणे अशा चाळीसएक फेऱ्या सहज होतात. मुंबई ते सिंगापूर एका फेरीला साठ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे चाळीस फेऱ्यांना जवळपास अडीच सेकंद. एका व्हाउचरला हे चालून जाते. पण संध्याकाळी पिग्मी एजंटांच्या मशिनमधून सातशे-आठशे नोंदी एकदम चढवायच्या असतात, तेव्हा कर्मचारी अर्धा तास पडद्याकडे बघत बसतात आणि दिवसअखेर लांबते. अशी थेट जोडणी आणखी एका कारणाने धोक्याची आहे. शाखांना पोहोचता यावे म्हणून डेटाबेसचे पोर्ट (जोडणीचे दार) सगळ्या इंटरनेटसाठी उघडे ठेवले जाते आणि जगभरातून पासवर्ड आजमावणारे संगणकी प्रोग्रॅम काही तासांत तिथे येऊन ठोकायला लागतात. शाखांची जोडणी व्हीपीएनमधूनच (इंटरनेटवरच्या खासगी, बंद मार्गातूनच) झाली पाहिजे आणि डेटाबेसला सार्वजनिक पत्ता असताच कामा नये, ही अट करारात लिहून घ्यावी.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२३ चे आयटी आउटसोर्सिंगविषयीचे निर्देश पतसंस्थांना लागू नाहीत. नागरी सहकारी बँकांपैकीही लहान, म्हणजे पहिल्या दोन स्तरांतील, बँका त्यातून वगळल्या आहेत. म्हणून कोणतेच बंधन नाही, असा समज मात्र करून घेऊ नये. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि प्रणालीच्या लॉगनोंदी (कोणी केव्हा काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होत आहेत. त्या कायद्यातली एक गोष्ट प्रत्येक संचालकाने लक्षात ठेवावी : माहितीवर प्रक्रिया दुसऱ्या कंपनीकडून करून घेतली तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेचीच राहते. पुरेशी सुरक्षाव्यवस्था न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पतसंस्थेला इतका दंड कोणी करणार नाही हे मान्य. पण ‘ते सॉफ्टवेअरवाले बघतात’ हे उत्तर यापुढे चालणार नाही, एवढे त्यावरून निश्चित होते. रिझर्व्ह बँकेचे निर्देश लागू नसले तरी त्यांत विचारायला सांगितलेले प्रश्न उत्तम आहेत. डेटा कोणत्या ठिकाणी आहे, तपासणीचा हक्क आहे का, आणि करार संपल्यावर बाहेर पडण्याची योजना काय, हे तीन प्रश्न तिथून जसेच्या तसे उचलावेत.

शहरासंबंधीचा शेवटचा मुद्दा दुसऱ्या शहराचा. मोठ्या पुरवठादारांच्या एका विभागात सहसा तीन स्वतंत्र झोन, म्हणजे वेगवेगळ्या इमारतींतील डेटा सेंटर, असतात आणि डेटाबेसची जिवंत प्रत दोन झोनमध्ये ठेवता येते. एक इमारत बंद पडली तरी काम सुरू राहते, त्यामुळे ही सोय घ्यावीच. पण ती म्हणजे बॅकअप, असे कोणी सांगितले तर मान्य करू नये. एका झोनमध्ये चुकून पुसलेली नोंद दुसऱ्या झोनमधूनही त्याच क्षणी पुसली जाते. शिवाय हे झोन एकाच महानगर परिसरात असतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा वीजपुरवठा एकदमच गेला होता. चांगल्या डेटा सेंटरांत जनरेटर असतात, तिथली कामे अशा दिवशीही चालतात. तरीही एक प्रत हैदराबाद, चेन्नई किंवा दिल्लीला असणे हेच शहाणपणाचे. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला बॅटरीची आग लागली, शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या आणि कर्मचाऱ्यांच्या फायली जिथे साठवल्या जात त्या प्रणालीतला ८५८ टेराबाइट डेटा कायमचा गेला, कारण त्याची दुसरी प्रत दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी नव्हती. डेटा फार मोठा आहे म्हणून तिथे प्रत काढली जात नव्हती. आपल्या एखाद्या पतसंस्थेचा डेटाबेस दहा ते पन्नास जीबीचा असतो. आपल्याला ती सबब नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. क्लाउडवरील प्रत्येक खात्याचा एक मूळ मालक-लॉगिन असतो आणि तो एका ईमेल पत्त्याशी बांधलेला असतो. तो ईमेल आणि त्यावर येणारा ओटीपी ज्याच्या हाती, तो खात्यातले सगळे सर्व्हर, सगळे डेटाबेस आणि सगळे बॅकअप एका दिवसात पुसू शकतो, किंवा खातेच बंद करू शकतो. एडब्ल्यूएसचे खाते बंद केल्यावर ९० दिवसांनी त्यातला मजकूर कायमचा जातो. आपल्याकडची सर्वसाधारण पद्धत अशी की सॉफ्टवेअर कंपनीचे एकच क्लाउड खाते असते, त्यात तीस-चाळीस पतसंस्थांचे डेटाबेस शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि प्रत्येक संस्थेला मिळते ते फक्त सॉफ्टवेअरचे लॉगिन. कंपनीने क्लाउडचे बिल थकवले, तिच्या भागीदारांत वाद झाला, किंवा नोकरी सोडून गेलेल्या मुलाचे लॉगिन काढायचे राहून गेले, तर संस्थेची काहीही चूक नसताना संस्थेचे दप्तर बंद होते.

हे मी केवळ शक्यता म्हणून लिहीत नाही. माझ्या माहितीतल्या एका पतसंस्थेने सॉफ्टवेअर बदलायचे ठरवले, तेव्हा जुन्या कंपनीने आधी थकीत रकमेचा वाद काढला आणि मग डेटा दिला तो एक्सेलच्या फायलींत. खातेदारांची यादी एका फायलीत, शिल्लक दुसऱ्या फायलीत, आणि मागच्या वर्षांचे व्यवहार तिसऱ्या फायलीत, पण त्यांना एकमेकांशी जोडणारे क्रमांक काढून टाकलेले. सभासदांची नावे युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत) नव्हती, त्या कंपनीच्या जुन्या मराठी फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत होती, त्यामुळे दुसऱ्या कोणत्याही संगणकावर ती वाचताच येईनात. मुदत ठेवींच्या नूतनीकरणाचा इतिहास कर्मचाऱ्यांना पावत्यांच्या स्थळप्रतींवरून हाताने भरावा लागला. संस्थेचा डेटा मुंबईतच होता. त्याचा संस्थेला काडीचा उपयोग झाला नाही.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. क्लाउड खाते संस्थेच्या नावाने, संस्थेच्या पॅनवर आणि संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरील ईमेलने उघडावे. व्यवस्थापकांच्या खासगी जीमेलवर उघडू नये आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या पत्त्यावर तर नाहीच. तिजोरीच्या दोन किल्ल्या जशा दोन अधिकाऱ्यांकडे असतात, तसा या मूळ लॉगिनचा पासवर्ड एकाकडे आणि दुसऱ्या टप्प्याच्या ओळखीचे उपकरण दुसऱ्याकडे ठेवावे, आणि रोजच्या कामासाठी ते लॉगिन कधीच वापरू नये. कंपनीला कामापुरते अधिकार द्यावेत, जे संस्थेला कोणत्याही दिवशी काढून घेता येतील. बिल संस्थेच्या नावाने येईल, त्यामुळे क्लाउडचा खरा खर्च किती आणि कंपनीची आकारणी किती, हेही लेखापरीक्षकाला दिसेल.

बॅकअपसाठी दुसरे, पूर्ण वेगळे खाते असावे, ज्यात सॉफ्टवेअर कंपनीला प्रवेशच नाही, आणि त्यातल्या प्रती ठरावीक दिवस कोणालाही पुसता येणार नाहीत असे कुलूप लावावे. ही सोय मोठ्या पुरवठादारांकडे उपलब्ध आहे. याचे महत्त्व मे २०२४ मधल्या एका घटनेवरून कळते. ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्तिनिधीची गुगल क्लाउडवरील खासगी क्लाउड व्यवस्था पुरवठादाराच्याच एका चुकीच्या मांडणीमुळे पुसली गेली. त्यांनी दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवल्या होत्या, पण दोन्ही एकाच वर्गणीखाली (सबस्क्रिप्शनखाली) असल्यामुळे दोन्ही गेल्या. सुमारे आठवडाभर सभासदांना आपली खाती पाहता आली नाहीत. व्यवस्था पुन्हा उभी राहिली त्यात दुसऱ्या पुरवठादाराकडे स्वतंत्र ठेवलेल्या बॅकअपचा मोठा वाटा होता. आपल्या घराजवळचे उदाहरण जुलै २०२४ चे आहे. लहान बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या प्रणालीवर रॅन्समवेअरचा (डेटा अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा) हल्ला झाला आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला काही काळ जोडणीतून बाजूला काढले. देशभरातल्या सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांची यूपीआय व एटीएम सेवा त्यामुळे थांबली, त्यांत अनेक सहकारी बँका होत्या. एका सेवापुरवठादारावर शेकडो संस्था विसंबून असल्या की काय होते, ते त्या दोन दिवसांत दिसले.

लहान संस्था म्हणतील की दोन-तीन शाखा असणाऱ्यांना स्वतंत्र डेटाबेस परवडत नाही. ही अडचण मला खरी वाटते. क्लाउडवरच्या तयार डेटाबेस सेवेला महिन्याला काही हजार रुपये लागतात, दर डॉलरवर ठरतात, वर अठरा टक्के जीएसटी आहे आणि पतसंस्थेच्या व्याजाच्या उत्पन्नावर जीएसटी नसल्याने भरलेल्या करापैकी फारसे काही परत मिळत नाही. अशा संस्थेने चालू डेटाबेस कंपनीच्या सामाईक व्यवस्थेत ठेवला तरी हरकत नाही. मात्र रोज रात्री पूर्ण डेटाबेसची एक प्रत संस्थेच्या स्वतःच्या खात्यात पोहोचलीच पाहिजे. दहा जीबीच्या डेटाबेसच्या तीस दिवसांच्या तीस प्रती म्हणजे तीनशे जीबी. मुंबईत एवढ्या साठ्याचे भाडे महिन्याला सुमारे सातशे रुपये अधिक कर इतके होते. हा खर्च कोणत्याही पतसंस्थेला झेपणारा आहे. क्लाउडवरून डेटा बाहेर काढायला फार पैसे पडतात अशी भीतीही घातली जाते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ती रास्त आहे, पण एडब्ल्यूएसवर महिन्याला पहिले १०० जीबी बाहेर काढणे मोफत आहे, आणि आपल्या आकाराला तेवढे पुरते.

ती प्रत कोणत्या स्वरूपात मिळणार, हेही ठरवून घ्यावे. पोस्टग्रेसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हर यांसारखा, एकाहून अधिक पुरवठादारांकडे चालणारा डेटाबेस असेल तर त्याची मूळ बॅकअप फाइल घेऊन संस्था दुसरीकडे जाऊ शकते. फक्त एकाच पुरवठादाराकडे चालणारा डेटाबेस वेगवान असला तरी पतसंस्थेने घेऊ नये, कारण आपल्या कामाला त्या वेगाची गरज नाही आणि बाहेर पडण्याचा रस्ता मात्र बंद होतो. सोबत सर्व मराठी मजकूर युनिकोडमध्ये असल्याची आणि डेटाबेसमधल्या टेबलांची (तक्त्यांची) माहितीपुस्तिका देण्याची लेखी हमी घ्यावी.

आणि बॅकअप आहे एवढ्यावर समाधान मानू नये. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत जानेवारी २०१७ च्या अखेरीस एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा लक्षात आले की बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. सहा तासांपूर्वी कोणीतरी कामासाठी हाताने काढून ठेवलेली एक प्रत हाताशी होती म्हणून बाकीचे वाचले. आपल्याकडे याची तपासणी करण्याची पद्धत सोपी आहे आणि तिला संगणकतज्ज्ञही लागत नाही. तिमाहीतून एका रविवारी आदल्या रात्रीची प्रत वेगळ्या सर्व्हरवर पूर्ववत करायला सांगावी, त्यावरून तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिल्लकांचा तक्ता, छापून घ्यावी आणि आदल्या दिवसाच्या सहीशिक्क्याच्या तेरजेशी लेखापालाने ओळीने ओळ पडताळून पाहावी. मुदत ठेव, आवर्त ठेव, सोनेतारण, रोख शिल्लक सगळे पैशापैशाने जुळले पाहिजे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती तास लागले तेही लिहून ठेवावे, कारण प्रत्यक्ष संकटात काउंटर किती वेळ बंद राहील याचा तोच खरा अंदाज असतो.

आपणांस माझी विनंती अशी आहे. पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय स्वतंत्रपणे घ्यावा आणि सॉफ्टवेअर कंपनीला लेखी पत्र देऊन सात दिवसांत उत्तर मागवावे : डेटाबेस कोणत्या पुरवठादाराकडे व कोणत्या शहरात आहे, दुसरी प्रत कोणत्या शहरात आहे, क्लाउड खाते व त्याचा मूळ ईमेल कोणाच्या नावावर आहे, त्याच खात्यात आणखी किती संस्थांचे डेटाबेस आहेत, आणि शेवटचा बॅकअप पूर्ववत करून कोणत्या तारखेला पाहिला. आलेले उत्तर इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवावे आणि खाते संस्थेच्या नावावर करून घेण्याची मुदत ठरावात घालावी. जिल्हा व राज्य फेडरेशननी यासाठी एक नमुना करार तयार केला, तर प्रत्येक लहान संस्थेला वकील शोधत बसावे लागणार नाही. सहकार आयुक्तालयानेही लेखापरीक्षणाच्या तपासणीत क्लाउड खात्याची मालकी आणि बॅकअपची पडताळणी हे दोन मुद्दे समाविष्ट करावेत, अशी माझी त्यांनाही या पत्राद्वारे विनंती आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत माझ्या संस्थेत मी हे प्रश्न लेखी विचारणार आहे. इतर संस्थांच्या सभासदांनीही आपापल्या सभेत ते विचारावेत.

कळावे,
आपली विश्वासू,
एका पतसंस्थेची सभासद व डेटाबेस प्रशासक